शैलाताईंची सही

मी तापट आहे हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. चहावाला वाळूसुद्धा आधी दारातून माझं तोंड बघतो, अंदाज घेतो, मगच ट्रे घेऊन आत येतो. त्यामुळे त्या मंगळवारी मी शैलाताईंवर ओरडले याचं कुणाला नवल वाटलं नसतं. पण ऐकायला कुणी नव्हतंच. आमचे मालक विहंगसर बँकेत गेले होते आणि बाकीची दोघं जेवायला खाली उतरली होती.

"अहो ताई, समोर आहे ते बटण! अगदी नाकासमोर! अजून किती वेळा सांगू?"

शैलाताईंनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. पडद्याकडे त्या नेहमीसारख्या मान वाकडी करून, जरा तिरक्या बघत होत्या. ही बघायची तऱ्हा दोन-तीन वर्षांतली. आम्ही सगळे तिला ताठा समजत होतो. वय सत्तावन्न, ऑफिसात सव्वीस वर्षं झालेली, मग थोडा ताठा असायचाच, असं मी मनाशी धरून चालले होते.

"मोहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आधी दार लोटून ये."

मी दार लोटलं.

"मला दिसत नाही."

"काय दिसत नाही? बटण?"

"काहीच. म्हणजे कडेकडेचं दिसतं. पण मधोमध, जिथं बघावं तिथं, धुरकट डाग येतो. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. ते एका अर्थी बरंच आहे म्हणा."

अशा वेळीसुद्धा ही बाई मला टोमणा मारत होती. एरवी मी फिस्सकन हसले असते. पण आमच्या ऑफिसातली सगळी प्रूफं ही बाई तपासते.

आमचं ऑफिस म्हणजे शरणपूर रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या. पाच कॉम्प्युटर, पाच माणसं. द्राक्षांची खोकी, वाइनच्या बाटल्या, चिवड्याच्या पिशव्या, लोणच्याच्या बरण्या, जे म्हणाल त्याची लेबलं आम्ही करतो. चित्र माझं, मजकूर शैलाताईंचा. छापायला जाण्याआधी शेवटच्या कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात 'शै. गा.' अशी निळी सही पडली की त्या कागदाकडे पुन्हा कुणी ढुंकून बघत नाही. शै. गा. म्हणजे शैला गायधनी. ही रीत विहंगसरांच्या वडिलांनी घालून दिली होती. ते गेले, रीत राहिली. गिऱ्हाईकंसुद्धा फोनवर विचारतात, "ताईंनी बघितलंय ना? मग छापा." लेबलावर चुकीचं वजन पडलं तर माल परत येतो, चुकीची तारीख पडली तर दंड होतो. सव्वीस वर्षांत आमच्याकडून यातलं काही झालं नाही, ते या सहीमुळे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तिसरं वर्ष. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वाळत चाललाय म्हणतात. आहे ते टिकवता येईल थोडंफार, गेलेलं येत नाही."

"आणि तुम्ही तीन वर्षं प्रूफं तपासताय? कशी?"

मग त्यांनी सांगितलं. अक्षरं पडद्यावर एवढी मोठी करायची की एका वेळी तीन-चारच मावतील, आणि ती डोळ्याच्या कोपऱ्यातून पकडायची. एकेका लेबलाला तास लागायचा. बटणं शोधायची नाहीतच, कारण सापडत नाहीत. सगळं बोटांवर. ऑल्ट दाबायचं, दोन उजवीकडे, सात खाली, की पानाचा आकार. ऑल्ट, चार उजवीकडे, तीन खाली, की तक्ता. लहानपणी पाढे पाठ करतात तसं अख्खं सॉफ्टवेअर त्यांनी पाठ केलं होतं. काम करताना त्या ओठातल्या ओठात पुटपुटायच्या, ते हे. आम्हाला वाटायचं ताई जप करतात. विहंगसर तर नव्या मुलांना दटावायचे, "ताईंचा जप चालू असताना मध्ये बोलू नका."

अरे देवा, काय काय समजून बसलो होतो आम्ही!

आता या पाढ्यांवर गदा आली होती ती एका पत्रामुळे. वकिलाचं पत्र होतं. तुमच्या कार्यालयात विनापरवाना सॉफ्टवेअर वापरलं जात असल्याची माहिती आहे, तीस दिवसांत खुलासा करावा, अशा भाषेतलं. ते वाचून विहंगसरांचं तोंड उतरलं. आमच्या पाचही कॉम्प्युटरवरचं ऑफिसचं सॉफ्टवेअर, म्हणजे टायपिंग, तक्ते, कोटेशनं यासाठीचं, वडिलांच्या काळात कुणीतरी सीडीवरून टाकून दिलेलं. चित्रकामाचं तेवढं रीतसर घेतलेलं. "मोहिनीताई, धाड पडली तर मशीनं उचलून नेतात म्हणे," सर म्हणाले. त्या आठवड्यात जिन्यावर अनोळखी बूट वाजले की आम्ही सगळे दाराकडे बघायचो. एकदा कुरिअरवाला आला तर सरांनी त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं.

शेवटी ठरलं की जुनं सगळं पुसायचं आणि फुकट मिळणारं, कायदेशीर असं सॉफ्टवेअर घालायचं. कोणतं, ते मी आणि शैलाताईंनी ठरवायचं. "लिखाणाचं काम तुमचं, तर पसंती पण तुमची," सर म्हणाले. बिचाऱ्यांना वाटलं, मान दिला. म्हणून त्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी तीन वेगवेगळी सॉफ्टवेअरं एका मशीनवर उघडून बसले होते आणि ताईंना बटण दाखवत होते.

"सॉफ्टवेअर बदललं की माझे पाढे गेले," ताई म्हणाल्या. "पाढे गेले की मी उघडी पडणार. मग विहंग मला घरी बसवेल. तो वाईट नाही, पण बसवेलच, दुसरं काय करणार? आणि मोहिनी, मला घरी बसायची भीती वाटते. इथं मी माणूस आहे. तिथं गेले की मला फक्त तो डाग दिसत राहील."

त्यांच्या घरात दोघंच. पंचवटीत दोन खोल्या, यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला. सकाळी शेजारच्या यशोदाबाईंना त्यांच्याजवळ बसवून ताई बस पकडतात. बसचा नंबर दिसत नाही, म्हणून कंडक्टरला दरडावून विचारतात, "शरणपूरला जाते का?" तो म्हणतो, लिहिलंय ना पुढे. त्या म्हणतात, तुला विचारतेय ना मी. टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आलेली बाई ही. आमच्या ऑफिसात आली तेव्हा कॉम्प्युटर कशाशी खातात ते माहीत नव्हतं, तीन महिन्यांत सरांच्या वडिलांना शिकवायला लागली. एकदा केलेल्या लेबलाचा मजकूर तिला कायमचा पाठ. दहा वर्षांपूर्वीच्या लिंबू लोणच्यात मीठ किती टक्के, विचारा, सांगेल.

"विहंगला सांगू नकोस. माझं मी सांगेन."

"कधी?"

"दिवाळीपर्यंत दे मला."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. तेव्हा मी म्हटलं, "नाही सांगत. देवाशप्पथ." ती शपथ मी पुढे सहा आठवडे पाळली.

मग आम्ही खरोखरच निवड केली, पण कशी ते ऐका. पहिलं सॉफ्टवेअर इंटरनेटवर चालणारं होतं. सुटसुटीत, देखणं, पण दर पंधरवड्याला त्यात काहीतरी इकडचं तिकडे सरकायचं. माणसाला चालेल, पाढ्यांना नाही. दुसरं अगदी जुन्यासारखंच दिसायचं. विहंगसरांना तेच आवडलं होतं. पण मध्येच जाहिरातीची खिडकी उघडायची आणि मोजणी बिघडायची. तिसरं जगभरातल्या लोकांनी मिळून केलेलं, दिसायला जुनाट, वर शब्दांच्या साध्या यादीचा पट्टा. त्यात कोणती गोष्ट कितव्या नंबरवर ठेवायची हे आपण ठरवू शकत होतो. कोणत्या किल्लीनं काय व्हावं तेही.

"हे," मी म्हटलं.

"हे कसलं बाबा आदमच्या काळातलं?" संध्याकाळी सर म्हणाले. "दुसरं छान आहे की."

"त्यात जाहिराती येतात. गिऱ्हाईकासमोर लग्नाच्या साड्या नाचायला लागल्या तर?"

"हो, ते आहे. पण शैलाताईंना जमेल का हे?"

"त्यांचीच पसंती आहे," मी सांगितलं. सर हसले आणि म्हणाले, मग प्रश्नच मिटला. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले नव्हते, पण अर्धंच बोलले होते, आणि ते जास्त बोचत होतं.

पुढचे पंधरा दिवस जेवणाच्या सुट्टीत आमची शाळा भरायची. डबा एका हातानं खायचा, दुसऱ्या हातानं किल्ल्या. ऑल्ट, एक उजवीकडे, पाच खाली. त्यांचं चुकलं की मी ओरडायची, त्या म्हणायच्या, "ओरड बाई, त्या निमित्तानं तू कुठं बसलीयेस ते तरी कळतं." शिकल्या मात्र. सत्तावन्नाव्या वर्षी अख्खं सॉफ्टवेअर नव्यानं पाठ केलं. मला विचाराल तर परीक्षेत पहिलं येण्यापेक्षा हे मोठं. ऐकून काम करण्याची सोय त्यात होती, पण कानात इअरफोनची बोंडं घालून बसलं की चार जण विचारणार, म्हणून त्यांनी ती नको म्हटली.

फक्त एक अडचण राहिली. पाचशे नगांच्या आतली छोटी लेबलं ताई स्वतःच याच सॉफ्टवेअरमध्ये करायच्या. मजकूर एका चौकटीत भरायचा, फाईल करून छापखान्याला पाठवायची. या चौकटी मजकूर वाढला की खाली वाढायच्या आणि खालचं सगळं सरकवायच्या. सरकलं की ताईंचा हिशेब चुकायचा. त्या घाबरायच्या, सगळं पुसून पहिल्यापासून भरायच्या. एका दुपारी त्या तिसऱ्यांदा पहिल्यापासून भरायला लागल्या आणि मी वैतागून चौकटींचा आकार पक्का करून टाकला. आता काहीही लिहा, चौकट जागची हलणार नाही.

"वा! आता कसं घट्ट बसलं," त्या म्हणाल्या. मीही खूश झाले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आकार पक्का केला म्हणजे जास्तीचा मजकूर चौकटीच्या खाली दडतो. कोपऱ्यात एक बारीक लाल खूण येते, तेवढीच. डोळसाला ती लगेच दिसते.

सहा आठवडे मी रोज सकाळी जिना चढताना मनात म्हणायची, आज नको, आज काही नको. ताईंनी सही केलेला कागद माझ्या टेबलावर आला की आधी मी तो चोरून वाचायची. पण छोटी लेबलं माझ्याकडे यायचीच नाहीत, ती परस्पर जायची. ती आठवली की मी म्हणायची, छोटीच तर आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. ऑफिसातल्या कुणाला शंका आली नाही आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता दिवस काढत राहिलो.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी अकरा वाजता दिंडोरीहून पुंजारामभाऊंचा फोन आला. त्यांचा छोटा कारखाना आहे, द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या धुवायचं ॲसिड ते बाटल्यांत भरतात. दोनशे बाटल्यांची लेबलं आम्ही आठवड्यापूर्वी दिली होती. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"साहेब, ते खालचं कुठं गेलं हो? आमची सून मनीषा लेबलं चिकटवती, ती म्हनली मामा, यावर पानी आधी का ॲसिड आधी ते लिवलंच नाय. उलटीचं बी नाय."

मी ताईंकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. त्या मजकूर म्हणून बघत होत्या. आठ ओळी. सातवी: आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड ओता, ॲसिडमध्ये पाणी कधीही ओतू नका. आठवी: मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेल्यास उलटी करवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. त्यांनी आठही टाइप केल्या होत्या. दोन माझ्या चौकटीखाली दडून बसल्या होत्या. तरी कागदावर सही झाली होती.

"माल गेला का बाहेर?" सरांचा आवाज चिरकला.

"एकच खोकं गेलंय, चोवीस बाटल्या. इथंच दुकानात हाय."

फोन ठेवल्यावर सर माझ्यावर फिरले. "चौकटी कुणी सेट केल्या? तुम्ही ना, मोहिनीताई? ताई मजकूर भरतात, आकार तुमचा! ॲसिड आहे ते, चिवडा नाही! कुणाच्या डोळ्यात उडालं तर? कुणी प्यायलं तर?"

पंधरा वर्षांत हा माणूस माझ्यावर आवाज चढवून बोलला नव्हता. आणि मी, जिला चहावाला घाबरतो ती, गप्प उभी होते. तोंड उघडलं तर शपथ मोडणार होती. मला ताईंचा भयंकर राग आला, खरं सांगते. बोला की आता, असं मनात शंभरदा म्हटलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मग उठून पर्स घेतली.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी येणार दिंडोरीला."

सरांना वाटलं, काय मोठं मन आहे. मला गाडीत मागे बसवलं आणि ताईंना सन्मानानं पुढे. मी खिडकीबाहेर बघत एकच हिशेब करत होते, चोवीस बाटल्या, चोवीस झाकणं. गेल्या महिन्याभरातली बाकीची छोटी लेबलंही आठवायला लागले. ताईंचा हात दोन सीटांच्या फटीतून मागे आला आणि माझा गुडघा चाचपून परत गेला.

दुकानात तेवीस बाटल्या मिळाल्या. आम्ही तिथंच उभ्यानं त्या मोजल्या, सरांनी दोनदा, मी तिसऱ्यांदा.

"चोविसावी?"

"ती सकाळीच गेली," दुकानदार म्हणाला. "सखुबाई घेऊन गेली. वणी रोडला बाग हाय, पत्र्याचं घर. आज नळ्या धुनार म्हनत होती."

सरांनी गाडी काय हाकली, मला सांगता येत नाही. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. डोळ्यासमोर एकच चित्र, बादलीत ॲसिड आणि वरून कळशीभर पाणी. फसफसून तोंडावर येतं ते. घर दिसलं, अंगणात निळी बादली दिसली आणि बादलीजवळ आडवं पडलेलं काहीतरी. गाडी थांबायच्या आत मी दार उघडलं. ते गोणपाट होतं.

सखुबाई घरातून बाहेर आल्या. साठीच्या, कपाळावर घाम, एका हातात ती बाटली. झाकण अजून लागलेलंच होतं. माझ्या तोंडून हुंदकाच निघाला. सर ओट्यावर मटकन बसले.

"कोन हो तुमी?"

"बाटलीच्या कारखान्याकडून आलोय," सर कसेबसे म्हणाले. "त्यावर थोडं लिहायचं राहिलंय."

"मंग लय बरं झालं आले ते! मी कवाची बादली घिऊन बसलेय. मालक गेले नाशिकला, आन मला वाचाया येत नाय." त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. सर घामाघूम, मी रडवेली. ताई तेवढ्या शांत उभ्या, चष्मा, नीट विंचरलेले पांढरे केस, खांद्याला पर्स. सखुबाईंनी बाटली सरळ त्यांच्या हातात दिली. "ताई, तुमी शिकलेल्या दिसता. वाचून सांगा बरं, काय लिवलंय."

"द्या इकडे, मी वाचते," म्हणत मी पुढे झाले. ताईंनी बाटली सोडली नाही. डोळ्यांसमोर धरली आणि वाचायला लागल्या. म्हणजे म्हणायला लागल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. हातमोजे घाला. डोळ्यांना चष्मा लावा. शंभर लिटर पाण्यास इतकं. सहा ओळी झाल्या, मग म्हणाल्या, "आणि जे छापायचं राहिलं ते असं," आणि सातवी-आठवीही सांगितली, सावकाश, दोनदा. सर मान डोलावत होते. मी श्वास सोडला. सुटलो, मी म्हटलं मनात. माझ्या जिवात जीव आला आणि त्याचीच मला लाज वाटली.

"आन हे?" सखुबाईंनी लेबलाखाली बोट ठेवलं. "हे लाल पेनानं काय लिवलंय? दुकानवाल्यानं लिवलंय, आन मी इचारायची इसरले."

ताईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. दुकानदाराच्या हातचं ते, त्यांच्या पाठातलं नव्हतं. त्यांनी बाटली जरा कडेला नेली, मान वाकडी केली, परत समोर आणली. "किंमत..." त्या म्हणाल्या. किंमत असेल, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणीही मान्य केलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हणा, म्हणून टाका.

त्यांनी बाटली खाली केली.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही, सखुबाई."

"काय थट्टा करता? आत्ता तं धडाधडा वाचलं की!"

"ते पाठ होतं. मला अक्षरं दिसत नाहीत. तीन वर्षं झाली." मग त्या सरांच्या आवाजाच्या दिशेला वळल्या, जरा चुकीच्याच दिशेला. "विहंग, मोहिनीवर ओरडू नकोस. चौकट तिनं माझ्यासाठी पक्की केली. लाल खूण मला दिसली नाही आणि तरी मी सही केली. गेल्या सहा आठवड्यांतली सगळी छोटी लेबलं काढून कुणाकडून तरी वाचून घे. आजच. आणि सोमवारपासून माझी सही कशावर घेऊ नका."

सर उठून उभे राहिले. माझ्याकडे बघितलं, आणि मला सगळं ठाऊक होतं हे त्यांना तिथंच कळलं. मी बाटली घेतली आणि लाल अक्षरं वाचली. 'रिकामी बाटली परत आणणे.' एवढंच होतं. पण काहीही असू शकलं असतं.

सखुबाई ताईंकडे बघत राहिल्या होत्या. कीव नव्हती त्यात, नीट न्याहाळत होत्या. मग त्यांनी पुढे होऊन माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि सरांच्या हातात दिली.

"घिऊन जा ही," त्या म्हणाल्या. "आमा दोघींनाबी वाचता येत नाय. आमच्या हातात असलं काय ठिवू नका."